रकाना सतरा

डॉक्टर अनसूया क्षेमकल्याणी यांचं सामान
गंगापूर रोडच्या तिसऱ्या मजल्यावर चढवायला मी गेलो.
टेम्पो माझाच, द्राक्षाच्या क्रेटांचा आंबूस वास अजून न गेलेला.
एकवीस खोकी. वीस पुस्तकांची.
एकविसाव्यात सत्त्याऐंशी सालच्या प्रश्नावल्या,
सुतळीनं बांधलेल्या,
आणि त्यांतलं अक्षर माझं.

तेव्हा मी बारावी नापास, दिवसाला अठरा रुपये.
त्या राहुरीहून प्रबंधासाठी आलेल्या,
माझ्या लुनावर मागे बसून
अख्खा दिंडोरी तालुका पालथा घालायच्या.
मांडवाला तार किती, बोर्डोला मोरचूद किती,
विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत.
रकाना सतरा: श्रमदिन.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात सूचना:
पुरुष एक, मूल अर्धं,
स्त्री शून्य पूर्णांक सदुसष्ट.

जिवली गावित विरळणीवर होती.
पेठकडून आलेली टोळी, तिची ओळ सगळ्यांच्या पुढे.
मी मोठ्यानं वाचत लिहायचो, ती सवय नडली.
कात्री न थांबवता ती म्हणाली,
"मंग माझं बाकीचं कुठं गेलं?"

बाई हसल्या नाहीत.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
संध्याकाळी नाक्यावर चहावर साय धरली तरी
"नियम आहे," एवढंच म्हणाल्या,
मला नाही, ग्लासाला.

प्रबंध सदुसष्टनंच पुरा झाला.
मार्गदर्शकांचं मत पडलं, आधी पदवी, मग जगबुडी.

नंतर पत्रं यायची, परदेशी तिकिटांची,
पोस्टमन ती माझ्या आधी वाचायचा.
मलावीहून: इथे मका. बाईचा गुणक पॉइंट आठ.
कुणी ठरवला ते कुणालाच ठाऊक नाही.
रोमहून: आज अडीच तास
'शाश्वत' या शब्दाची व्याख्या चालली होती.
जेवण चांगलं होतं.
लाओसहून: गुडघाभर चिखलातल्या बाईनं
बहुतेक तोच प्रश्न विचारला.
दुभाष्यानं गाळला. मला तिच्या हातांवरून कळला.

मधे काही वर्षं काहीच नाही.
मी तोवर चार एकर बाग धरली,
एक वर्ष डाऊनीनं नेलं, एक गारपिटीनं,
एक मात्र असं आलं की
तळघरासकट घर झालं.
त्या कुठेतरी पोरांना शिकवत होत्या
भविष्याला वटाव कसा लावायचा:
तीस वर्षांनंतरचा रुपया
आज किती पैशांचा.

"हे बघ," त्यांनी खोक्यातून एक अंक काढला.
अर्ध्या पानाचं शुद्धिपत्र, स्वतःच्याच प्रबंधाचं,
अडतीस वर्षांनी.
तक्ता चार, रकाना सतरा,
स्त्री म्हणजे एक असे वाचावे.
त्यानुसार नफा घटतो,
निष्कर्ष क्रमांक दोन टिकत नाही.
लेखिका दिलगीर आहे.
"कोण वाचतं हे?" मी विचारलं.
"संपादकांनी वाचलं. आता तू."

मग त्यांनी जिवलीचं विचारलं.
गेली, मी म्हणालो, कोविडच्या आदल्या साली.
सून येते तिची. माझ्याच बागेत.
"काय देतोस?"

गड्याला चारशे.
बाईला तीनशे.
मी टेम्पोची किल्ली खिशात शोधायला लागलो,
ती हातातच होती.

त्यांनी गणित केलं नाही.
जुन्या सवयीनं मीच केलं, मनात, मोठ्यानं नाही:
शून्य पूर्णांक पंच्याहत्तर.
अडतीस वर्षांत आठ शतांश.

सोमवारपासून माझी विरळणी.
बाई प्रश्नावल्यांचा गठ्ठा परत बांधायला बसल्या,
सुतळीचा तिढा घातला, मला म्हणाल्या,
"बोट ठेव इथे.
गाठ पडेपर्यंत काढू नकोस."